कॉलेजात तत्त्वज्ञान घ्यावे का?



बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न असतो, पुढे काय? आपल्या बोरगाव मेघेतली मुलेमुली वर्ध्याच्या कॉलेजांत अर्ज भरतात, काही नागपूरला जातात. नर्सिंग, फार्मसी, इंजिनिअरिंग हे शब्द ऐकले की नातेवाईक समाधानाने मान डोलावतात. बी.ए. म्हटले की जरा गप्प होतात. आणि त्या बी.ए.त एखादी मुलगी म्हणाली, ‘मी एक विषय तत्त्वज्ञान घेते,’ तर आईवडिलांच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. आई विचारते, ‘बाई, ह्याने नोकरी लागते का?’ वडील बोलत नाहीत, पण त्यांच्या मनात असते, ‘हे शिकून पोरीने चर्चला यायचे सोडले तर?’

हे प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पहिला पोटाचा आहे, दुसरा श्रद्धेचा. पहिल्याचे उत्तर सोपे आहे, ते शेवटी पाहू. दुसऱ्यावर मात्र थोडे थांबून विचार करायला हवा.

त्या वर्गात शिकवतात तरी काय?

तत्त्वज्ञान म्हणजे साधुसंतांची वचने पाठ करणे, असे काहींना वाटते. काहींना वाटते, देव नाही हे सिद्ध करण्याचा तो उद्योग आहे. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. आपल्या महाराष्ट्र बोर्डात अकरावी-बारावीच्या कला शाखेला ‘तर्कशास्त्र’ आणि ‘तत्त्वज्ञान’ असे दोन स्वतंत्र विषय आहेत. बी.ए.च्या सुरुवातीच्या अभ्यासातही साधारण तेच धागे असतात. योग्य अनुमान कोणते आणि फसवे कोणते, हे तर्कशास्त्र सांगते. चांगले आणि वाईट कशावरून ठरवायचे, हा नीतिशास्त्राचा प्रश्न. त्याशिवाय न्याय, सांख्य, वेदान्त, बौद्ध, जैन, चार्वाक ही भारतीय दर्शने, आणि सॉक्रेटिस, प्लेटो, ॲरिस्टॉटल यांच्यापासून पुढचे पाश्चात्त्य विचारवंत.

यातला अगदी पहिला धडा पाहा. ‘पाऊस पडला तर अंगण ओले होते. अंगण ओले आहे. म्हणून पाऊस पडला.’ ऐकायला बरोबर वाटते. पण नाही. कोणी सडा घातला असेल, नळाची पाईप फुटली असेल. पहिले वाक्य खरे, दुसरेही खरे, तरी तिसरे त्यांतून निघत नाही. तर्कशास्त्रात अशा चुकीला तर्कदोष म्हणतात. मुलगी हे शिकून घरी आली तर आपण म्हणू, ‘एवढ्यासाठी फी भरली का?’

आता हाच धडा अंगणातून घरात आणू या. ‘पाप केले तर दुःख भोगावे लागते. याच्या वाट्याला दुःख आले आहे. म्हणून याने पाप केले असणार.’ वाक्यांची जुळणी तीच आहे, आणि चूकही तीच. पण या चुकीने माणसे मेली आहेत. आपला वर्धा जिल्हा २००६ साली पंतप्रधानांच्या विशेष पॅकेजमध्ये आलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांपैकी एक. ते पॅकेज शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे द्यावे लागले होते. ज्या घरातला कर्ता माणूस गेला त्या घरातल्या बाईला लोक काय काय बोलतात, हे आपल्या गावखेड्यांत कोणाला माहीत नाही? ‘काहीतरी केले असेल, देव उगाच शिक्षा करत नाही.’ बोलणारे सगळे वाईट नसतात. पुष्कळसे देवभोळे असतात. पण त्यांच्या अनुमानात खोट असते आणि ती खोट त्या विधवेच्या उरावर बसते.

ईयोबाचे मित्र त्याच्याशी नेमके असेच वागले होते. त्याचे दुःख पाहून त्यांनी त्याचे पाप शोधायला घेतले. योहानच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही विचारले, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापाचे? प्रभू येशूने दोन्ही पर्याय नाकारले. म्हणजे तर्कशास्त्राच्या पहिल्या तासाला जे शिकवतात, ते दयेच्या कामाचे आहे. नीट विचार न करणारी श्रद्धा कधीकधी निर्दय होते. आपण ‘नीट विचार कर’ असे मुलांना सांगतो, तेव्हा मार्कांचाच विचार डोक्यात असतो. खरे तर ते शेजाऱ्यावर प्रीती करण्याचेही एक अंग आहे.

आपले फादरही हेच शिकले आहेत

नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर आपल्यापैकी बरेचजण फिरायला गेले असतील. त्या टेकडीला ते नाव तिथल्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून पडले. आणि कोणत्याही सेमिनरीत ब्रदर लोक थेट ईशज्ञान शिकायला बसत नाहीत. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे धर्मगुरू होणाऱ्याला दोन वर्षांइतका तत्त्वज्ञानाचा अभ्यास करावा लागतो. ज्या विषयाने श्रद्धा जाईल अशी आपल्याला भीती वाटते, तोच विषय वेदीवर उभ्या राहणाऱ्या माणसाला चर्च सक्तीने शिकवते. पोप जॉन पॉल दुसरे हे स्वतः पोलंडमध्ये नीतिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी १४ सप्टेंबर १९९८ रोजी श्रद्धा आणि बुद्धी यांच्या नात्यावर एक संपूर्ण विश्वपत्र काढले. बुद्धीपासून तोडलेली श्रद्धा बळकट होत नाही, ती नुसत्या भावनेकडे आणि अंधश्रद्धेकडे घसरते, असा इशारा त्यांनी त्यात दिला.

संत थॉमस अक्वायनस यांची लिहिण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. तेराव्या शतकातील या महान गुरूने कोणताही प्रश्न घेतला की आधी विरोधकांचे म्हणणे मांडायचे, मग स्वतःचे उत्तर द्यायचे, आणि शेवटी प्रत्येक आक्षेपाला एकेक करून जबाब द्यायचा. देव आहे काय, हा प्रश्न त्यांनी घेतला तेव्हा पहिलाच आक्षेप लिहिला तो जगातल्या दुष्टतेचा. देव अनंत चांगला असेल तर जगात वाईट कसे, हा तो आक्षेप. म्हणजे नास्तिक मनुष्य जो सगळ्यांत जड दगड उचलतो, तो संत थॉमस यांनी स्वतःच आधी उचलून टेबलावर ठेवला.

आपल्या भारतीय परंपरेतही हीच शिस्त आहे. तिला पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष म्हणतात. समोरच्याचे मत त्याच्याइतक्याच जोराने मांडता येत नसेल, तर त्याचे खंडन करण्याचा अधिकार नाही. रोमच्या आणि काशीच्या पंडितांनी एकमेकांना न भेटता हीच वाट धरली, याचा अर्थ ती माणसाच्या बुद्धीतूनच निघालेली वाट असावी.

पाच विषयांची शिदोरी

एक खरे उदाहरण घेऊ. १९१३ साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन एक मराठी तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. भीमराव रामजी आंबेडकर. मुख्य विषय अर्थशास्त्र. त्याचे एकोणतीस अभ्यासक्रम त्यांनी केले. पण त्याबरोबर इतिहास, समाजशास्त्र आणि तत्त्वज्ञानाचेही पाच अभ्यासक्रम घेतले. तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकवायला जॉन ड्यूई होते.

पाच अभ्यासक्रमांनी काय होणार? वीस वर्षांनंतर, १९३६ साली, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी डॉ. आंबेडकरांनी भाषण तयार केले. मंडळाने सभा रद्द केली, तेव्हा ते भाषण त्यांनी स्वतः छापून काढले. जातिव्यवस्थेच्या निर्मूलनावरच्या त्या पुस्तकात ड्यूई यांचा उल्लेख आहे, आणि त्या वर्गातून आलेला एक भेद त्यात कणा बनून उभा आहे. तो भेद म्हणजे नियम आणि तत्त्व यांतला. नियम सांगतो, अमुक कर, अमुक करू नको. तत्त्व सांगते, कशाच्या आधारे ठरव. नियम पाळणारा यंत्रासारखा पाळू शकतो. तत्त्व पाळणाऱ्याला दर वेळी स्वतः विचार करावा लागतो, म्हणून त्याच्यावर जबाबदारी येते. नुसत्या नियमांचा धर्म हा खरा धर्म नव्हे, असा बाबासाहेबांचा रोख होता. १९५२ साली ते कोलंबियाची मानद पदवी घ्यायला अमेरिकेला गेले, त्याच सुमारास ड्यूई यांचे निधन झाले. आपल्या बौद्धिक जीवनाचे ऋण या गुरूकडे आहे, अशी भावना त्यांनी पत्नीला लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली.

हा भेद दुसऱ्या धर्माला लावणे सोपे असते. आपल्याला लावून पाहू या. उपवासकाळातल्या शुक्रवारी आपण मटण-चिकन खात नाही. हा नियम. त्यामागचे तत्त्व म्हणजे पश्चात्ताप, आणि वाचलेले गरिबाच्या हातात जाणे. आता एखाद्याने शुक्रवारी चिकन टाळून हॉटेलात दुप्पट पैशांची मासळी खाल्ली, तर नियम राहिला आणि तत्त्व गेले. दुसऱ्याने ताप असलेल्या म्हाताऱ्या आईला डॉक्टरांनी सांगितले म्हणून त्याच दिवशी मटणाचे सूप पाजले, तर त्याने तत्त्व मोडले असे कोण म्हणेल? कॉलेजात हा भेद शिकून आलेली मुलगी आपल्याला असे प्रश्न विचारील. ती उद्धट झाली असे समजू नका. शास्त्री-परूश्यांशी प्रभूचा वाद शब्बाथाच्या नियमावरून झाला तोही याच जागी होता.

पण श्रद्धा गेली तर?

इथे मात्र खरे बोलायला हवे. तत्त्वज्ञान शिकून कोणाचीही श्रद्धा डळमळत नाही, असे सांगणे खोटे ठरेल. डळमळते. संत ऑगस्टीन यांचेच पाहा. एकोणिसाव्या वर्षी, कार्थेज शहरात शिकत असताना, सिसेरोचे तत्त्वज्ञानाची गोडी लावणारे एक पुस्तक त्यांच्या हाती पडले. मनात सत्याची तहान पेटली. आणि ती तहान त्यांना आईच्या श्रद्धेकडे घेऊन गेली नाही. मानी पंथात घेऊन गेली. सुमारे नऊ वर्षे ते त्या पंथात राहिले.

त्यांच्या आईने, संत मोनिका यांनी, काय केले? त्यांचे अश्रू आपल्याला ठाऊक आहेत. पण आणखी दोन गोष्टी कमी ठाऊक आहेत. पहिली ही, की सुरुवातीला त्यांनी मुलाला आपल्या घरात आणि ताटावर घेणे नाकारले होते. मग एका स्वप्नानंतर त्यांनी तो निश्चय बदलला आणि त्याला पुन्हा आपल्या पंगतीला घेतले. तेव्हा ऑगस्टीनचे मत बदललेले नव्हते. तो अजून त्याच पंथात होता. मत बदलण्याआधीच आईने ताट वाढले.

दुसरी गोष्ट इ.स. ३८६ ची. मिलानजवळच्या एका वाडीत ऑगस्टीन आपले मित्र आणि शिष्य यांच्याबरोबर तत्त्वज्ञानाची चर्चा करत होते. सुख म्हणजे काय, जगात व्यवस्था आहे का, असे विषय. त्या चर्चेत मोनिका स्वतः बसत असत, बोलत असत, आणि मुलाने त्यांचे बोलणे आदराने लिहून ठेवले आहे. फारसे शालेय शिक्षण नसलेली ती आई तत्त्वज्ञानाच्या बैठकीत बसली. पुढच्या वर्षीच्या ईस्टरला ऑगस्टीन यांचा बाप्तिस्मा झाला.

पालकांनो, मोनिका यांनी मुलाचे पुस्तक जाळले नाही. त्या त्याच्या प्रश्नाशेजारी जाऊन बसल्या. आपल्याला सिसेरो वाचायची गरज नाही. मुलगी म्हणाली, ‘देव आहे तर काकांनी फवारा का घेतला?’ तर ‘असे बोलू नये’ एवढे म्हणून तो विषय बंद करू नका. ‘मलाही हे कळत नाही, सांग तुझे सर काय म्हणतात?’ असे म्हणा. प्रश्न विचारल्याबद्दल जिथे शिक्षा मिळते, तिथली मुले प्रश्न विचारणे थांबवत नाहीत. ती फक्त आपल्याला विचारणे थांबवतात. आणि मग ती चर्चला आली तरी आपल्या शेजारी नुसती बसलेली असतात.

सेवाग्रामचा नास्तिक पाहुणा

प्रत्येक ऑगस्टीन परत येतोच असे नाही. मग काय?

याचे एक उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे, सायकलने गाठता येईल इतके. आंध्रमध्ये गोरा या नावाने ओळखले जाणारे गोपराजू रामचंद्र राव नावाचे गृहस्थ होते. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. उघड नास्तिक, आणि त्यापायी नोकरी गमावलेले. १९४० साली त्यांनी नास्तिक केंद्र काढले. अस्पृश्यता निवारणाचे मोठे काम ते खेड्यांत करत होते. १९४४ च्या अखेरीस ते सेवाग्रामला गांधीजींना भेटायला आले, आणि पुढेही येत राहिले. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करणारा म्हातारा आणि देवाला न मानणारा हा पाहुणा, दोघांनी देवाबद्दल मोकळेपणाने चर्चा केली. गांधीजींनी त्यांना बदलून टाकले नाही. गोरांनीही गांधीजींना बदलले नाही.

गांधीजी हे करू शकले, कारण ते ‘ईश्वर सत्य आहे’ याऐवजी ‘सत्य हाच ईश्वर’ असे म्हणू लागले होते. ईश्वर नाकारणारे पुष्कळ भेटतात, पण सत्य नाकारणारा नास्तिकही सापडत नाही, असे त्यांचे म्हणणे. शब्दांची ही अदलाबदल वरवर किरकोळ दिसते, पण तिच्यामुळे नास्तिकालाही आश्रमात बसायला जागा मिळाली. गोरांच्या मुलीचे लग्न त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील तरुणाशी ठरले. ते आश्रमात लावून देण्याची तयारी गांधीजींनी दाखवली, आणि विधीत ‘ईश्वर’ शब्दाच्या जागी ‘सत्य’ शब्द ठेवायलाही संमती दिली. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली. मार्चमध्ये ते लग्न सेवाग्रामलाच लागले.

आपण ख्रिस्ती लोक गांधीजींचे हे सूत्र जसेच्या तसे घेऊ शकणार नाही. आपल्यासाठी सत्य ही एक व्यक्ती आहे, आणि तिला नाव आहे. हा फरक लपवू नये. पण म्हणूनच आपल्याला तर अधिक धीर असायला हवा. प्रभू स्वतः सत्य असेल, तर प्रामाणिकपणे सत्य शोधणारा मुलगा प्रभूकडे पाठ करून चालला आहे, असे आपण कशाच्या आधारावर म्हणतो? तो कुठे पोहोचेल याची हमी आपण देऊ शकत नाही. घराचे दार उघडे राहील, एवढी हमी देऊ शकतो. आणि जात न पाळणारा, खोटे न बोलणारा नास्तिक समोर आला, तर आपल्या घरातल्या जातीचे काय, हा प्रश्न आपल्याला बोचायला हवा.

आता नोकरीचे

आईचा प्रश्न राहिला. नुसत्या तत्त्वज्ञानाच्या पदवीवर नोकऱ्या थोड्या आहेत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्या घरात एकच कमावणारा आहे तिथे मुलांनी याचा विचार करायलाच हवा. पण आपण बोलतो आहोत ते एका प्राथमिक अभ्यासक्रमाबद्दल, सगळ्या आयुष्याबद्दल नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मुख्य विषयासोबत दुसरे विषय घेण्याची सोय वाढली आहे. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना हे उपयोगी पडते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा स्वतंत्र पेपर आहे, आणि तत्त्वज्ञान हा तिथे ऐच्छिक विषयही आहे. उद्या नर्स होणाऱ्या मुलीलाही व्हेंटिलेटर काढायचा की ठेवायचा, रुग्णाला खरे सांगायचे की नाही, हे प्रश्न वॉर्डात भेटणारच आहेत.

तरुण मित्रांनो, तुम्हालाही एक गोष्ट सांगायची आहे. हा विषय घेतला की पहिल्या दोन महिन्यांत माणूस घरातल्या सगळ्यांना हरवायला लागतो. आजीला रोझरीवरून, बापाला राजकारणावरून. ते तत्त्वज्ञान नाही, ती नवी चप्पल घातल्यावरची ऐट आहे. तुम्ही खरोखर काही शिकलात की नाही याची एक साधी परीक्षा घ्या. आजी रोझरी का म्हणते, हे तिच्या बाजूने असे मांडून दाखवा, की ती ऐकून म्हणेल, ‘हो रे, मला हेच म्हणायचे होते, पण शब्द सापडत नव्हते.’ तेवढे जमले की मग हवा तर आक्षेप घ्या. तो पूर्वपक्ष झाला. संत थॉमस यांनी परक्यांच्या मतालाही एवढा मान दिला. तुम्ही तर आपल्या आजीला द्यायचा आहे.

आणि पालकांनो, यंदा घरातले कोणी अर्ज भरताना तत्त्वज्ञान या शब्दापाशी थांबले, तर त्याला पेन द्या. कॉलेज सुरू झाल्यावर एखाद्या संध्याकाळी जेवताना विचारा, ‘आज वर्गात काय झाले?’ उत्तर लांबेल. भाजी निवेल. ऐकून घ्या.